पिंजऱ्याखालचा चिखल एकदा मॉडेललाही दाखवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

खाड्यांमधल्या पिंजरा मत्स्यपालनावरचा, म्हणजे पाण्यात जाळीचे पिंजरे सोडून त्यांत मासे वाढवण्यावरचा, आपल्या पुरवणीतला लेख वाचला. लेख माहितीपूर्ण आहे, छायाचित्रंही सुरेख. पण त्यातला रंगीत नकाशा पाहिला आणि राहवलं नाही. निळ्या पाण्यात पिंजऱ्यांची गोल वर्तुळं, त्यांच्याभोवती लाल डाग, मग पिवळा, मग हिरवा, आणि खाली ओळ, की कचरा एवढ्याच जागेत पडेल. संगणकातल्या मॉडेलने आधीच सगळं सांगितलं आहे, तेव्हा पर्यावरणाची काळजी मिटली, असा एकूण सूर. असले नकाशे काढण्यात माझी पंचवीसेक वर्षं गेली, म्हणून हा पत्रप्रपंच.

माझं अर्धं काम संगणकासमोर आणि उरलेलं अर्धं नावेवर, चिखल हुंगण्याचं. हे गमतीने लिहीत नाही. ग्रॅब नावाचा एक लोखंडी जबडा असतो. दोरीला बांधून उघडा सोडायचा, तळाला टेकला की तो मिटतो आणि चिखलाचा घास घेऊन वर येतो. तो परातीत उपडा करायचा आणि तक्ता भरायला घ्यायचा. रंग, घट्टपणा, बुडबुडे, गाळाच्या थराची जाडी आणि वास. पिंजऱ्यांखालचा तळ तपासायची नॉर्वेची जी प्रमाणपद्धत आहे, तिच्यात वासाला चक्क गुण आहेत. वास नसेल तर 0, थोडा असेल तर 2, उग्र असेल तर 4. इथे गुण जास्त मिळाले म्हणजे नापास. पीएच (आम्लता) आणि रेडॉक्स (चिखलात प्राणवायू कितपत उरला आहे त्याचा अंदाज) मोजायचे इलेक्ट्रोडही चिखलात खुपसतात, पण ग्रॅब पाण्याबाहेर हातभर आला की बहुतेक वेळा निकाल कळलेला असतो.

चांगल्या चिखलाचा वरचा पातळ थर तपकिरी असतो, खाली राखाडी. बोटाने उकरलं की नाना तऱ्हेचे किडे, नखाएवढे शिंपले, त्यांची बिळं दिसतात. बिघडलेला चिखल शाईसारखा काळा, लिबलिबीत, बोटांतून ओघळणारा. पिंजऱ्यातून न खाल्लेले खाद्याचे दाणे आणि माशांची विष्ठा खाली पडते, ती कुजवताना जिवाणू चिखलातला प्राणवायू संपवतात. तो संपला की दुसऱ्या जातीचे जिवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर गुजराण करतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. सडक्या अंड्यांचा वास येतो तो त्याचा. अशा तळावर बेगियाटोआ या जिवाणूंची पांढरी साय धरते, आणि शंभर जातींच्या किड्यांच्या जागी कॅपिटेला नावाचा एकच बारीक लाल किडा हजारोंनी वळवळताना दिसतो. हा क्रम इतका ठरलेला आहे, की पिअर्सन आणि रोझेनबर्ग या दोघांनी 1978 मध्ये तो मांडून ठेवला आणि आजही तळाची प्रकृती त्याच पट्टीवर मोजतात.

आता मॉडेलकडे येते. मॉडेल म्हटलं की लोकांना काहीतरी गूढ वाटतं. पण त्यातला मूळ हिशेब कागदाच्या चिठोऱ्यावर करता येतो. समजा, जाळ्याच्या बुडापासून समुद्राचा तळ 20 मीटर खाली आहे. सामन (सॅल्मन) माशाची विष्ठा सेकंदाला सुमारे 3.2 सेंटिमीटर या वेगाने बुडते. म्हणजे तळ गाठायला तिला साडेदहा मिनिटं लागतात. तेवढ्यात पाण्याचा प्रवाह तिला आडवी नेत असतो. प्रवाह सेकंदाला 5 सेंटिमीटर असेल तर ती जेमतेम 31 मीटर सरकून पडते. 20 सेंटिमीटर असेल तर सव्वाशे मीटरवर पडते. खाद्याचा दाणा जड. तो सेकंदाला 10 सेंटिमीटर बुडतो असं धरलं, तर संथ प्रवाहात अवघा 10 मीटर सरकतो. पिंजऱ्याच्या अगदी पोटाखाली जो ढीग दिसतो, त्यात वाया गेलेलं खाद्य का जास्त असतं, ते यावरून कळतं.

संगणक हाच हिशेब लाखो कणांसाठी करतो. प्रवाह तासातासाला बदलतो, तळ उंचसखल असतो, पडलेला गाळ जोराच्या प्रवाहात पुन्हा उठतो आणि पुढे जाऊन बसतो. हे सगळं हाताने करणं अशक्य. स्कॉटलंडमधल्या शास्त्रज्ञांनी 2002 मध्ये डेपोमॉड नावाचं मॉडेल प्रसिद्ध केलं, ते याच कामाचं. तळाशी प्रवाह सेकंदाला 9.5 सेंटिमीटरच्या वर गेला की गाळ उठतो, असं त्यात धरलेलं होतं. हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण माझी फजिती त्यानेच केली.

एका खाडीच्या आतल्या अंगाला पिंजरे टाकायचे होते आणि मॉडेल चालवायचं काम माझ्याकडे आलं. कोणी दिलं, कुठे दिलं याला महत्त्व नाही, चूक माझीच होती. एकाच दोराला तीन प्रवाहमापक लावून सोडले, एक पृष्ठभागाजवळ, एक मध्यावर, एक तळाच्या दोन-तीन मीटर वर. पंधरा दिवस ठेवायचे, म्हणजे उधाण (मोठी भरती-ओहोटी) आणि भांग (लहान भरती-ओहोटी) दोन्ही नोंदवली जातात. पंधरा दिवसांनी दोर ओढला तर तळच्या मापकाच्या पंख्याला फाटक्या जाळ्याचा धागा करकचून गुंडाळलेला. नोंद पाहिली. चौथ्या दिवशी दुपारपर्यंत आकडे, त्यापुढे सरळ रेघ.

पुन्हा पंधरा दिवस मापक सोडायला हवा होता. पण अहवालाची तारीख डोक्यावर होती, नाव दुसऱ्या कामाला लागली होती. मी मधल्या मापकाची नोंद घेतली, सगळ्या आकड्यांना 0.8 ने गुणलं आणि तळाच्या रकान्यात चिकटवली. असं करण्याचा प्रघात होता, पुस्तकातही त्याला आधार सापडला असता. अहवालात त्याची नोंद केली होती, परिशिष्टात, बारीक टाइपात. मॉडेल चाललं. निम्म्या वेळेला तळाचा प्रवाह 9.5 च्या वर, म्हणजे गाळ साठणार नाही, उठेल आणि पसरेल. नकाशा फिकट पिवळा आला, लाल डाग नाहीच. सगळे खूश झाले.

चौदा महिन्यांनी त्याच जागी ग्रॅब टाकला. वर येता येताच दोर ओढणारा पोरगा नाकावर बाही धरून मागे सरला. परातीत ओतलेला चिखल पातळ पिठल्यासारखा पसरला, वर बुडबुडे फुटत होते. गाळाचा थर अकरा सेंटिमीटर. वासाला 4 गुण, बुडबुड्यांना 4. आमचे तांडेल, म्हणजे नावेचे प्रमुख, काही वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "बाई, इथलं खालचं पाणी फिरत नाही. नांगराचा दोर बघा ना, वरून तिरका जातो आणि खाली सरळ लोंबतो." तिथे तळाला बशीसारखा खळगा होता. उन्हाळ्यात वरचं पाणी तापून हलकं होतं, खालचं थंड आणि जड राहतं, वरचा प्रवाह त्या थरावरून घसरत जातो. मधल्या मापकाने जे सांगितलं ते खरंच होतं, मधल्या पाण्यापुरतं. खळग्यातल्या पाण्याबद्दल त्याला काही विचारलंच नव्हतं.

या गोष्टीवरून कोणी असा अर्थ काढेल की संगणक गुंडाळून ठेवावा आणि तांडेलांना विचारावं. तसंही नाही. तेच तांडेल छातीठोकपणे सांगत होते की, वरच्या पाण्यात मिसळलेली घाण ओहोटीबरोबर खाडीबाहेर जाते आणि संपते. मॉडेल म्हणत होतं की मुखाशी पाणी एका भोवऱ्यात अडकतं आणि पुढच्या भरतीला त्यातलं बरंचसं आत परत येतं. आमच्यापैकी कोणाचाच विश्वास बसला नाही. मग जीपीएस लावलेले सहा तरंगते डबे ओहोटी लागल्यावर सोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातले चार पिंजऱ्यांच्या दोरांत अडकून बसलेले सापडले. तांडेलांनी डबे सोडवले, हसले, आणि पुढच्या वेळेपासून मला विचारायला लागले, "आज तुमचं यंत्र काय म्हणतं?" पाण्यावर उभं आयुष्य काढलेल्या माणसालाही पाणी रात्री कुठे जातं ते दिसत नाही. मॉडेलला ते दिसलं, कारण त्या वेळी मुखाशी मोजमाप नीट झालं होतं.

पुरवणीतल्या नकाशाखाली मोजमापाचा एक शब्दही नव्हता, हे मला खटकलं. प्रवाह किती दिवस मोजला? कोणत्या खोलीवर? कोणत्या ऋतूत? पंधरा दिवसांत एक उधाण आणि एक भांग येते हे ठीक, पण वादळी वारा, पावसाचं गोडं पाणी, उन्हाळ्यातले थर यातलं काहीही त्यात पकडलं जाईलच असं नाही. स्कॉटलंडच्या नियामकांनी 2019 मध्ये नियमांची नवी चौकट आणली, तेव्हा पंधराऐवजी किमान 90 दिवसांची नोंद मागायला सुरुवात केली. माझ्या मते हा त्या सगळ्या सुधारणेतला सर्वांत मोलाचा बदल. मॉडेलची नवी आवृत्तीही त्याच सुमारास वापरात आली, पण जुनं मॉडेल आणि नव्वद दिवस हे मी नव्या मॉडेल आणि पंधरा दिवसांपेक्षा केव्हाही पसंत करीन.

दुसरी अडचण उसन्या आकड्यांची. वर मी विष्ठेचा 3.2 सेंटिमीटर हा वेग दिला तो सामनचा. बहुतेक मॉडेलं थंड पाण्यातल्या सामनसाठी घडवली गेली, आणि उघडताच त्यात सामनचे आकडे भरलेले असतात. सी-बास, सी-ब्रीम यांच्यासारख्या माशांची विष्ठा खूपच सावकाश बुडते. सेकंदाला अर्धा सेंटिमीटर धरून बघा. तेच 20 मीटर अंतर कापायला तासाहून जास्त वेळ लागतो, आणि 5 सेंटिमीटरच्या संथ प्रवाहातही कण 200 मीटर दूर जातो. म्हणजे मासा बदलला आणि आकडा तोच ठेवला, तर नकाशातला लाल डाग जिथे काही पडणारच नाही तिथे दिसणार आणि खरा कचरा हिरव्या भागात पडणार. मासा कोणता, पाण्याचं तापमान किती, खाद्य कोणतं, हे आकडे स्वतः मोजून भरायला हवेत. उंच नळकांड्यात समुद्राचं पाणी भरून, हातात घड्याळ घेऊन, विष्ठेचा एकेक कण सोडत बसायचं काम आहे ते. कंटाळवाणं आहे, पण दोन दिवसांत होतं.

तळाचं इतकं लिहिलं, पण कचऱ्याचा मोठा वाटा तळापर्यंत जातच नाही. तो पाण्यात विरघळतो आणि नकाशात त्याला रंगच नसतो. हाही हिशेब सोपा आहे. एक टन मासा वाढवायला 1.2 टन खाद्य लागलं असं धरू. खाद्यात 40 टक्के प्रथिनं, म्हणजे 480 किलो. प्रथिनांच्या वजनात सुमारे 16 टक्के नत्र असतं, म्हणजे जवळजवळ 77 किलो नत्र पाण्यात उतरलं. माशाच्या अंगात साधारण 28 किलो राहतं. उरलेलं 49 किलो खाडीला मिळालं, त्यातलं बहुतेक माशाच्या कल्ल्यांतून अमोनियाच्या रूपाने. आता खाद्य निष्काळजीपणे टाकलं आणि 1.2 च्या जागी 1.5 टन लागलं, तर हाच आकडा 68 किलो होतो. मासा तेवढाच, घाण चाळीस टक्क्यांनी जास्त. पिंजऱ्यात कॅमेरा सोडून, मासे खायचे थांबले की खाद्य बंद करणं, यासारखा पर्यावरणाचा स्वस्त उपाय मला दुसरा माहीत नाही. मॉडेलमध्ये मी एकामागून एक आकडे खालीवर करून पाहते, तेव्हा सर्वांत जास्त फरक नेहमी याच एका आकड्याने पडतो.

आणि आता खाडीचा विचार करा. दोन चौरस किलोमीटरची, सरासरी दहा मीटर खोल खाडी. पाणी बदलायला दहा दिवस लागतात. एक मत्स्यपालक वर्षाला 500 टन मासा काढतो. वरच्या हिशेबाने वर्षाला 24 टनांवर नत्र, त्यातलं पाऊण विरघळलेलं धरलं तर रोजचे 50 किलो. दहा दिवसांत साठतं 500 किलो, म्हणजे पाण्याच्या प्रत्येक घनमीटरला 25 मिलिग्रॅमची भर. अहवाल म्हणतो, चालण्यासारखं आहे. चालण्यासारखंच आहे. मग दुसरा येतो, त्याचा स्वतंत्र अहवाल, स्वतंत्र मॉडेल, त्यातही 25. असे पाच झाले की भर सव्वाशेची झाली, पण पाचही अहवालांत आकडा 25 च राहतो, कारण प्रत्येकाने खाडी रिकामी धरलेली असते. वारा पडला, पाणी बदलायला दहाऐवजी तीस दिवस लागले, की सव्वाशेचे पावणेचारशे. यात कोणी खोटं बोललेलं नाही. प्रत्येकाचं गणित बरोबर आहे, खाडीची बेरीज मात्र कोणीच केलेली नाही.

ही कल्पनेतली भीती नाही. फिलिपीन्समध्ये बोलिनाओ इथे मिल्कफिशचे पिंजरे आणि कुंपणं वाढत वाढत ठरवून दिलेल्या मर्यादेच्या दुपटीवर गेली होती. फेब्रुवारी 2002 मध्ये तिथे नत्रावर पोसणाऱ्या सूक्ष्म शैवालाचा प्रचंड बहर आला, पाण्यातला प्राणवायू खाली गेला आणि मासे ढिगांनी मेले. मर्यादा कागदावर होती, हे विसरू नये. चिलीमध्ये 2007 पासून सामनमध्ये विषाणूची साथ आली, ती दाटीवाटीने वसवलेल्या पिंजऱ्यांतून पसरत गेली आणि उत्पादन कोसळलं. त्यानंतर तिथे पिंजऱ्यांचे गट करून संपूर्ण गटाने एकाच वेळी पाणी मोकळं ठेवायची पद्धत आणावी लागली. दोन्ही ठिकाणी एकेका पिंजऱ्याचं मॉडेल कितीही अचूक असतं, तरी ते पुरलं नसतं.

धारणक्षमता हा शब्द लेखात तीनदा आला, पण कोणती धारणक्षमता ते आलं नाही. जागा किती पिंजऱ्यांना पुरेल हा एक प्रश्न. सर्वांत जास्त उत्पादन कितीला निघेल हा दुसरा. निसर्गाला न बिघडवता किती चालेल हा तिसरा, आणि आसपासचे लोक किती खपवून घेतील हा चौथा. या क्रमाने आकडा बहुधा लहान होत जातो. मोठा आकडा हवा असेल त्याने पहिल्या प्रश्नाचं मॉडेल करायचं आणि उत्तर तिसऱ्याचं म्हणून द्यायचं, हा प्रकार मी पाहिलेला आहे.

मर्यादा कशी ठरवावी, याबद्दल मला सर्वांत पटलेली कल्पना जपानची. तळावर कचरा पडू लागला की चिखल जास्त प्राणवायू ओढायला लागतो, कारण किडे आणि जिवाणू कामाला लागलेले असतात. कचरा वाढेल तसं हे ओढणं वाढतं. पण एका टप्प्यानंतर किडे मरायला लागतात, बिळं बुजतात, आणि प्राणवायू ओढणं कमी व्हायला लागतं. तो जो शिखराचा बिंदू, तिथपर्यंतचा कचरा तळ पचवू शकतो, त्यापुढचा नाही. 1999 मध्ये जपानने शाश्वत मत्स्यपालनासाठी कायदा केला, तेव्हा गाळातल्या सल्फाइडची मर्यादा या कल्पनेवर बेतली. इथे मर्यादेचा आकडा कोणाच्या सोयीने ठरत नाही, तो त्या त्या चिखलाला विचारून घ्यावा लागतो.

मॉडेलवर नियम बसवायचाच असेल तर तो कसा, हे नॉर्वेकडे पाहून कळतं. ऑक्टोबर 2017 पासून तिथल्या किनाऱ्याचे 13 विभाग करून त्यांना वाहतुकीच्या दिव्यांसारखे हिरवा, पिवळा, लाल असे रंग देतात. पिंजऱ्यांतल्या सामनवर वाढणाऱ्या समुद्री उवांची पिल्लं प्रवाहाबरोबर वाहत जाऊन समुद्राकडे निघालेल्या रानटी सामनच्या पिल्लांना चिकटतात. या उवांमुळे त्यातली 10 टक्क्यांहून कमी पिल्लं मरत असतील तर हिरवा, 10 ते 30 टक्के पिवळा, त्याहून जास्त लाल. हिरव्यात उत्पादन 6 टक्के वाढवता येतं, लाल मिळाला तर तेवढंच कमी करावं लागू शकतं. उवा कुठे वाहत जातात ते मॉडेल सांगतं, पण एकट्या मॉडेलवर भिस्त ठेवत नाहीत. मधूनमधून जाळी ओढून रानटी पिल्लं पकडतात, त्यांच्या अंगावरच्या उवा मोजतात. छोट्या पिंजऱ्यांत निरोगी पिल्लं ठेवून काही आठवड्यांनी तपासतात. मग सगळं समोर ठेवून तज्ज्ञ रंग ठरवतात. त्यावर तिथेही भांडणं आहेत, कोर्टकज्जे झाले आहेत. होणारच. पण भांडायला दोन्ही बाजूंच्या हातात आकडे तरी आहेत.

मी मत्स्यपालनाच्या विरोधात आहे असं कोणी समजू नये. 2022 मध्ये जगात जलचरांचं पालन-उत्पादन पहिल्यांदाच पकडीच्या वर गेलं, 9 कोटी 44 लाख टन. हा धंदा वाढणार आहे आणि वाढायलाही हवा. पिंजऱ्यांशेजारी शिंपले आणि शैवाल वाढवून थोडं नत्र परत काढता येतं, पिंजरे खोल आणि वाहत्या पाण्यात नेता येतात, जागा आलटूनपालटून तळाला विश्रांती देता येते. यातलं काय, कुठे, किती प्रमाणात, हे पैसे ओतण्याआधी सांगणारं मॉडेलसारखं दुसरं साधन नाही. शैवालाचंच घ्या. पाचशे टनांच्या मत्स्यपालनाचं विरघळलेलं नत्र सगळं शोषून घ्यायला किती क्षेत्रावर शैवाल लागेल, याचा हिशेब मी दोनदा करून पाहिला, आणि दोन्ही वेळा शैवालाची शेती पिंजऱ्यांच्या कितीतरी पट मोठी आली. थोडा भार नक्की हलका होतो. पण माहितीपत्रकावर पिंजऱ्याशेजारी शैवालाचे चार दोर दाखवून 'शून्य प्रदूषण' लिहिलेलं दिसतं तेव्हा मला त्या अकरा सेंटिमीटर गाळाची आठवण येते.

त्या खळग्यातल्या पिंजऱ्यांचं पुढे काय झालं, हेही लिहायला हवं. ते चारशे मीटर बाहेर, खळग्याच्या काठापलीकडे हलवले. त्याआधी तळाचा मापक दोनदा सोडला, दोन वेगवेगळ्या ऋतूंत, आणि या वेळी त्याच्या पंख्याभोवती जाळीचा पिंजरा बसवला. मॉडेल नव्याने चालवताना मी एकच नकाशा दिला नाही, तीन दिले. विष्ठा जलद बुडाली तर, सावकाश बुडाली तर, आणि तळाचा प्रवाह मोजमापापेक्षा एकपंचमांश कमी निघाला तर. तीन नकाशांत लाल डाग तीन ठिकाणी. बैठकीत एकाने वैतागून विचारलं, "मग यातला खरा कुठला?" मी म्हटलं, ते वर्षभराने ग्रॅब टाकल्यावर सांगते. कोणाला आवडलं नाही. वर्षभराने टाकला, तर चिखल दुसऱ्या नकाशाशी बराच जुळला, फक्त डाग थोडा दक्षिणेला सरकलेला होता. वासाला 2 गुण. रिकाम्या केलेल्या खळग्यात मात्र दोन वर्षांनंतरही वर तपकिरी थर जेमतेम धरलेला होता, त्याखाली काळंच.

तेव्हा आपल्याला एक विनंती. पुढच्या वेळी असा रंगीत नकाशा छापाल, तेव्हा त्याखाली तीन गोष्टी मागून घ्या आणि छापा. प्रवाह किती दिवस आणि कोणकोणत्या खोलीवर मोजला. त्याच पाण्यातले बाकीचे पिंजरे हिशेबात धरले की नाही. आणि पिंजरे पडल्यावर तिथे शेवटचा ग्रॅब कधी टाकला, त्या दिवशी वासाच्या रकान्यात काय लिहिलं. जागा अपुरी असेल तर छायाचित्र थोडं लहान करा.

आपली,
चिखल आणि संगणक दोन्हींवर काम करणारी एक वाचक